इमामचाचांची सरकलेली गादी

इमामचाचा कुठंही गेले की आधी बसायचे नाहीत. आधी तळहात ठेवायचे. सोफा असो, खुर्ची असो, एसटीतलं सीट असो, तळव्यानं एकदा खोल दाबायचं, हात उचलायचा, दबलेली जागा वर येते का ते मान तिरकी करून बघायचं, आपला निकाल मोठ्यानं जाहीर करायचा आणि मगच बूड टेकायचं. एका लग्नात नवरदेव जरा फोटोसाठी उठला, तेवढ्यात चाचांनी त्याची सोनेरी खुर्ची दाबून पाहिली आणि 'आत नुसता भुसा हाय' असं अख्ख्या मांडवाला सांगितलं. ही गोष्ट मला त्यांच्या बायकोनं, हलीमाचाचींनी सांगितली. सांगताना त्यांनी पदर तोंडावर घेतला होता, पण हसू काही आवरत नव्हतं.

माणूसच तसा होता. घराणं पिंजाऱ्यांचं. वडील खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव कापूस पिंजत हिंडायचे. चाचांच्या वेळेपर्यंत पिंजायला मशीन आलं, पण गादीला टाके ते हातानंच घालायचे. धाराशिवच्या जुन्या बाजाराच्या तोंडाशी त्यांचं दुकान, तिथं जमिनीवर बसायचं, एक पाय दुमडलेला, एक लांब सोडलेला, हातात वीतभर सुई. हे त्यांनी पन्नास वर्षं केलं. निम्मा जिल्हा आपल्या टाक्यांवर झोपतो असं ते म्हणायचे, आणि उरलेल्या निम्म्याची त्यांना मनापासून कीव यायची.

मी बेंबळीची. फिजिओथेरपी शिकून आले आणि बसस्टँडच्या मागं, बी-बियाणांच्या एका दुकानाच्या वर, माझं क्लिनिक टाकलं. पाठीच्या आणि गुडघ्याच्या रोग्यांसाठी वरचा मजला घेणारी मी बहुधा जगातली पहिलीच शहाणी. खालून धापा टाकत, देवाचं नाव घेत माणूस वर येईपर्यंत त्याचा निम्मा व्यायाम होऊन जायचा. शिवाय फिजिओ म्हणजे काय हे कुणाला धड ठाऊक नव्हतं. एक आजी चेपून घ्यायला घरून तेलाची बाटली घेऊन आल्या होत्या. आमची आई गावात सांगायची, पोरगी डॉक्टर आहे, आणि मग आवाज खाली करून पुढं म्हणायची, पण सुई नाही टोचत.

अशा माझ्या क्लिनिकात चाचा पहिल्यांदा आले ते एका अंगाला कललेले. कंबर डावीकडं, खांदे उजवीकडं, कपाळावर घाम. बसा म्हटलं तर त्या अवस्थेतही त्यांनी माझ्या नव्याकोऱ्या टेबलावर तळहात ठेवला. ते टेबल मी पुण्याहून आणलं होतं आणि त्याचा मला फार अभिमान होता. त्यांनी दाबलं, वाट पाहिली, आणि माझ्याकडं अशा काही दुःखानं बघितलं की मला वाटलं, घरात काहीतरी वाईट झालंय.

"फोम हाय," ते म्हणाले. "बेटा, तुला फसीवलं."

त्यांची फाइल उघडली आणि त्या आधीची हकिकत कळली. ती ऐकून मी टेबलाला धरून हसले, आता त्याला माझा इलाज नाही. झालं होतं असं, की पंधरा दिवसांपूर्वी कापसाचं गाठोडं उचलताना चाचांच्या कमरेत कट्‌ झालं आणि उजव्या पायात अंगठ्यापर्यंत कळ गेली. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि आपण सगळे म्हणतो तसंच सांगितलं, चाचा, तुमची गादी सरकलीय. आता हे वाक्य कुणाला सांगतोय याचं भान त्या बिचाऱ्या डॉक्टरांना कुठून असणार? चाचांना तो सरळ अपमान वाटला. माझी गादी, आणि सरकते? घरी जाऊन त्यांनी आपल्या पलंगावरची गादी काढली, चार कोपऱ्यांना नाड्या शिवल्या आणि चारी पायांना कचकून बांधली. आठ दिवस त्या बांधलेल्या गादीवर झोपले. नवव्या दिवशी कण्हत परत डॉक्टरांकडं गेले आणि म्हणाले, साहेब, गादी इंचभर बी हालू दिली न्हाय, तरी पायातली कळ काय जात न्हाय.

मग एमआरआय झाला, डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून मणक्यातली गादी दाखवली, आणि चाचांना कळलं की ही गादी दुसरीच. त्यावर ते स्वतःच इतके हसले की कळ पायात शिरली आणि हसत हसत ओरडायला लागले. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि त्यांना माझ्याकडं पाठवलं.

मी माझा प्लास्टिकचा मणका काढला आणि समजावायला घेतलं. दोन मणक्यांच्या मध्ये ही गादी असते, बाहेरून चिवट वेष्टण, आत मऊ गर, आणि वेष्टणाला चीर गेली की, एवढंच मी बोलले होते. चाचांनी मणका माझ्या हातातून काढून घेतला, उलटासुलटा केला.

"मंजे खोळ फाटली," ते म्हणाले. "आतला कापूस भाईर आला, आन् त्यो ह्या दोरीवर बसलाय."

"दोरी नाही चाचा, नस."

"तीच. दुखनं कमरेत, आन् बोंब पायात. बराबर हाय."

याच एका धड्यापायी मी तिसऱ्या वर्षाची परीक्षा दोनदा दिली होती. आजही माझ्या रोग्यांना मी चाचांच्याच शब्दांत समजावते आणि एकालाही दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

मग त्यांनी विचारलं, शिवायची कशी. मी म्हटलं, शिवत नाहीत. बहुतेकांची सूज हळूहळू उतरते, बाहेर आलेला गर आपोआप आक्रसतो, त्याला काही आठवडे द्यावे लागतात. तोवर गोळ्या, चालणं, व्यायाम, वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही. कळ फारच असली तर नसेजवळ इंजेक्शन देतात. आणि पायातली ताकद जायला लागली, चप्पल पायातून निसटायला लागली, लघवीचं कळेनासं झालं, तर मात्र त्याच दिवशी मला सांगायचं, मग ऑपरेशनला उशीर करायचा नसतो. हे मी अगदी बोट नाचवून सांगितलं. चाचा 'आपोआप'पाशीच अडकले होते. पन्नास वर्षांत एकही गादी आपली आपण बरी झालेली त्यांनी पाहिली नव्हती. पण ऑपरेशनला त्यांची साफ ना होती. उसवलेली गादी पयल्यासारखी व्हत न्हाय, म्या स्वता उसवतो, मला ठावं हाय, असं म्हणाले. जाताना दारात थांबून एकच विचारलं, पुन्हा खाली बसून सुई धरता येईल ना? कारण त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि शिकायचंही नव्हतं.

पाठ दुखतेय म्हटल्यावर सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडं काय वाण? मेहुणे आले, म्हणाले येरमाळ्याच्या पुढं एक जण आहे, पाठीवर उभा राहून मणका चढवतो. चाचांनी शांतपणे विचारलं, "फाटल्याली गादी हाय, तिच्यावर मानूस नाचवला तर कापूस आत जाईल का भाईर यील?" मेहुणे चहा न घेता गेले. शेजारच्या किराणावाल्यानं कमरेचा पट्टा आणून दिला, रात्रंदिवस बांधा म्हणाला. चार दिवस बांधून चाचांनी तो परत केला. वरून चांगला अभ्रा चढवला म्हणून आतला टाका शिवला जात नाही, हे त्यांनी त्याला गिऱ्हाइकांसमोर सुनावलं. कुणी म्हणालं महिनाभर पडून राहा, तर गुंडाळून ठेवलेल्या गादीत गोळे होतात, तिला ऊन दाखवावं लागतं, थोपटावं लागतं, असं म्हणून ते रोज सकाळी जिल्हा परिषदेपर्यंत चालून यायला लागले. मी पुस्तकातून जे सांगत होते ते सगळं या माणसाला गादीतून आधीच ठाऊक होतं. मला आपलं फुकटचं श्रेय मिळत होतं आणि मी ते घेत होते.

व्यायाम म्हणजे पालथं पडून हातांवर छाती उचलायची. चाचा तो दुकानातच करायचे, नव्या भरलेल्या गादीवर, भर बाजारात. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, म्हातारा गादीची जाहिरात करतोय. दोन गिऱ्हाइकांनी तर 'ही नको, तुम्ही डुलताय ती द्या' म्हणून खालची गादी मागून नेली. चाचींचा जीव लाजेनं अर्धा व्हायचा. नागासारखा फणा काढून हा माणूस गल्लीला सलाम करतो, असं त्या म्हणायच्या.

आणि मग चाचांनी माझा डंका पिटायला सुरुवात केली. चहाच्या टपरीवर, मशिदीच्या दारात, दुकानात, जिथं माणूस वाकडा दिसेल तिथं त्याला धरायचं आणि माझ्या जिन्याकडं वळवायचं. आपल्या पोरीनं इमामची गादी न उसवता नीट केली, हे त्यांनी गादी नीट व्हायच्या आधीच सगळीकडं सांगून टाकलं. महिन्याभरात माझं बाकडं भरायला लागलं. सोनारीहून एक मावशी आल्या, त्यांनी नाव सांगायच्या आधी सांगितलं, मी कापसावरच झोपते बरं का, फोमवर नाही. चाचांनी तशी ताकीद देऊन पाठवलं होतं.

पाचव्या आठवड्यात चाचांची कळ गेली. अगदी गेली म्हणाले, पायात काहीच नाही. कंबर सरळ झाली होती, चेहरा उजळला होता. आणि पायात पांढरेशुभ्र खेळाडूचे बूट, नारिंगी नाड्यांचे. जन्मभर चपला घातलेला माणूस. मी म्हटलं, चाचा, अगदी हिरो दिसताय. ते म्हणाले, तुझीच मेहेरबानी. फटक, फटक, फटक असा जिन्यावर त्यांचा आवाज यायचा आणि मी रोग्यांना हसून सांगायची, आले बघा नवे बूट. त्या बुटांवर ते चार वेळा येऊन गेले.

पाचव्या वेळी बरोबर चाची होत्या. चाचा आत व्यायाम करत होते. चाची माझ्याजवळ सरकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, बेटी, ह्यांच्या पायात चप्पल राहत नाही. चालताना मागं सुटते आणि ह्यांना कळतही नाही. म्हणून ते बूट. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातलीय.

माझ्या हातातला टॉवेल खाली पडला. फटक फटक. पाऊल वर उचललं जात नसलं की ते जमिनीवर आपटतं, हे मला कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. नस फार दबली की कधीकधी दुखणंच बंद होतं आणि ताकद जाते, हेही ठाऊक आहे. चार वेळा तो आवाज माझ्या कानांवर आला आणि मी तो बुटाच्या नावावर टाकला, कारण मला तसंच हवं होतं.

मी आत गेले आणि चाचांना बूट काढायला लावले. ते म्हणाले, नवे हायेत. मी म्हटलं, काढा. भिंतीला धरून टाचांवर उभं राहायला सांगितलं. डावं पाऊल उचललं गेलं. उजवं जमिनीला चिकटून राहिलं. अंगठा वर करा म्हटलं, तर त्यांनी अंगठ्याकडं बघितलं, अंगठ्यानं त्यांच्याकडं बघितलं, आणि दोघांनीही काही केलं नाही.

"झोपलाय त्यो," चाचा म्हणाले.

"किती दिवस झाले?"

"झाले चार-पाच."

"बारा," दारातून चाची म्हणाल्या.

मी ओरडले. वडिलांच्या वयाच्या माणसावर, भरल्या क्लिनिकात. पहिल्याच दिवशी बोट नाचवून सांगितलं होतं, मग का लपवलंत? चाचा बुटाची नाडी बोटाला गुंडाळत बसले होते.

"तुझ्यापायी," ते म्हणाले. "सगळ्या बाजाराला सांगून बसलो ना म्या. आता म्याच ऑप्रेशनला गेलो तर तुझ्या जिन्यावर कुत्रं बी चढनार न्हाय."

असा राग आला, आणि असं भरून आलं, की मला त्यांना झोडावं का मिठी मारावी कळेना. मी त्यांच्या समोर खालीच बसले. म्हटलं, चाचा, तुमच्या पायाच्या किमतीत मला हे दुकान नको. आणि तुम्ही लपवलंत तेवढंच मीही केलंय. मी चार वेळा तो आवाज ऐकला आणि तुमचे बूट काढून बघितले नाहीत. आजपासून एक ठरलं. तुम्ही माझ्याशी खोटं बोलायचं नाही, मीही तुमच्याशी खोटं बोलणार नाही, माझं दुकान बुडालं तरी.

"कबूल," चाचा म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, "गिऱ्हाइकाचं सोडून."

लघवीचं विचारलं, ते ठीक होतं. सोलापूरच्या सर्जनना फोन केला, त्यांनी लगेच पाठवा म्हणून सांगितलं. तासाभरात जीप आली. जीपमध्ये बसताना चाचांनी सीट दाबून पाहिलं नाही, त्यावरून ते किती घाबरले होते ते मला कळलं. उसवावंच लागंल का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, लागेल. मग म्हणाले, करनाऱ्याचा हात हलका असावा.

तिथं त्यांनी सर्जनना भंडावून सोडलं. दोरा कुठला, सुई सरळ का वाकडी, बाहेर आलेला कापूस कापून टाकल्यावर गादी पातळ होते त्याचं काय. सर्जनही बरे भेटले. त्यांनी म्हणे खुर्ची ओढून घेतली आणि वाकड्या सुईनं टाका कसा घालतात ते हातवारे करून दाखवलं, आणि चाचांनी त्यांना गाठ कशी मारावी ते सांगितलं. भूल उतरल्यावर आधी आरसा मागितला. चाचींनी मागून एक आरसा आणि पुढून एक आरसा धरला, पट्टी बदलताना चाचांनी आपली पाठ नीट पाहिली आणि म्हणाले, टाके सरळ हायेत, पन जरा लांब लांब घातलेत.

पुढचे सहा महिने ते माझ्याकडं येत होते. पाऊल हळूहळू उचलायला लागलं, जिन्यावरचा फटक फटक बंद झाला, चप्पल पायात राहायला लागली. खाली बसून सुई धरता आली, मात्र अर्ध्या तासाच्या वर नाही. अंगठा तेवढा उठला नाही. मी सर्जनना विचारलं, बारा दिवस आधी आलो असतो तर? ते म्हणाले, कदाचित उठला असता, कदाचित नसताही, हे कुणी सांगू शकत नाही. ते कदाचित माझ्या छातीत अजून रुतलेलं आहे. तेव्हापासून माझ्याकडं कुणीही येवो, कुठलीही पाठ घेऊन येवो, आधी पायताण काढायचं आणि टाचांवर चालून दाखवायचं. लोक कुरकुर करतात. मी ऐकत नाही.

जिना मात्र ओस पडला नाही. चाचांनी टपरीवर नवीन भाषण सुरू केलं, की आमची बाई उसवायचं आसंल तर उसवा म्हनून तोंडावर सांगती, आपल्याकडं धरून ठेवत न्हाय. रोगी आणखी वाढले. मी काही कौतुक करण्यासारखं केलं नव्हतं, हे मी त्यांना खूपदा सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि भाषण चालू ठेवलं.

गेल्या वर्षी चाचा उमरग्याला लेकीकडं राहायला गेले. अर्धा तास बसून दुकान चालत नाही, आणि नुसतं गल्ल्यावर बसणं त्यांना जमेना. निरोप घ्यायला आले तेव्हा मीच जास्त रडले. ते म्हणाले, मेलो न्हाय, उमरग्याला चाललोय.

आता दर शुक्रवारी दुपारची नमाज झाली की त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. आधी छत दिसतं, मग पंखा, मग नातीचं नाक, आणि मग स्क्रीनभर चाचांचं उजवं पाऊल. "बघ," आवाज येतो, "उचलतोय." माझ्या बाकड्यावरच्या रोग्यांना हे पाठ झालंय. फोन वाजला की कंबर धरून, काठी टेकत, पट्टे सावरत सगळे माझ्याभोवती गोळा होतात आणि मत देतात. अंगठा हलला म्हणणारे एका बाजूला, नाही म्हणणारे एका बाजूला. एकदा मानेचा पट्टा घातलेले एक मास्तर या वादात इतके तापले की मला त्यांना खाली बसवावं लागलं.

गेल्या शुक्रवारी तर सगळेच एका बाजूला झाले. हलला, हलला म्हणून एका आजींनी टाळ्या वाजवल्या. पलीकडं उमरग्यातही लेक, जावई, नात ओरडायला लागले. खरं सांगते, मलाही क्षणभर तसंच वाटलं. मी फोन डोळ्यांजवळ घेतला आणि पुन्हा एकदा करायला सांगितलं. पाऊल उचललं गेलं, बोटं सगळी मिळून जराशी वर आली. अंगठा मात्र स्वतःहून उठला नव्हता.

"त्यांचं ऱ्हाऊ दे," चाचांचा आवाज आला. "बेटा, तू सांग."

हो अगदी ओठांवर आलं होतं. एका शब्दानं त्या घरात ईद झाली असती.

"नाही चाचा," मी म्हटलं.

पाऊल बाजूला झालं आणि चाचांचा चेहरा आला, कपाळापासून नाकापर्यंतच, पण डोळे हसत होते. त्यांनी मान वळवून घरातल्यांना सांगितलं, "न्हाय म्हनली. मंजे ज्या दिशी हां म्हनंल ना, त्या दिशी त्यो खरंच उठल्याला आसंल."